शिट्टीनंतरचा गोल

५ जानेवारी १९९७, रविवार. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

दारात बसून हॉकी स्टिकच्या मुठीला धागा गुंडाळत होतो. लूमवर वाया गेलेला पॉलिस्टरचा धागा, आणि मध्ये मध्ये फेव्हिकॉलचं बोट. मोजून शंभर वेढे दिले. हाताला घाम आला तरी आता स्टिक फिरणार नाही. मग हात धुऊन ही वही उघडली. आठवीत शाळा सुटल्यापासून काही लिहिलं नव्हतं. शब्द विसरल्यासारखे झाले आहेत, म्हणून सावकाश लिहितो. रोज लिहिणार नाही. काही घडलं तरच लिहीन.

१९ तारखेला हजिऱ्याच्या एका कंपनीत ट्रायल आहे. कंपनीचा हॉकीचा संघ आहे आणि त्यांना दोन माणसं हवी आहेत, एक फॉरवर्ड आणि एक गोलकीपर. नोकरी कायम. पगार दोन हजार सहाशे, आठ तासांची पाळी, येण्याजाण्याला बस. आमच्या लिंबायतच्या संघातून काशिनाथदादांनी फॉरवर्ड म्हणून माझं आणि गोलकीपर म्हणून हिलालचं नाव दिलं आहे. दादा पूर्वी भुसावळला रेल्वेकडून खेळायचे. इथे मिलमध्ये फिटर आहेत.

मी सहा वर्षं कापडाच्या कारखान्यात लूम चालवतो. आज वीस वर्षांचा आहे. या घरात माझ्याशिवाय कमावणारं कोणी नाही. वडील गेले तेव्हा ज्या आठ लूमवर होते, तेच लूम माझ्याकडे आले. तिथून बाहेर पडायला ही एकच वाट दिसते आहे.

८ जानेवारी, बुधवार.

पाळी सुटल्यावर डिंडोलीच्या मैदानावर गेलो. दादांनी मला गोलच्या उजव्या खांबापासून तीन पावलांवर उभं केलं आणि दीड तास हलू दिलं नाही.

"गेल्या वर्षापासून ऑफसाइड काढून टाकलंय," ते म्हणाले. "आता तुला तिथून कोणी हाकलू शकत नाही. तिथेच घर कर. पण तिथे फटका मारायला जागाही नसते आणि वेळही नसतो. स्टिक जमिनीला टेकलेली, गुडघे वाकलेले, मनगट सैल. बॉलकडे बघू नकोस. कीपरच्या पॅडकडे बघ. बॉल कुठे उडणार ते पॅड आधी सांगतं."

हे मला जमतं. का जमतं त्याचा विचार करत घरी आलो. आठ लूमवर एकटा माणूस नजर ठेवतो. त्या कल्लोळात धागा तुटल्याचा आवाज येत नाही. कापडात एक बारीक रेघ पडते आणि ती डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते. ती दिसण्याआधीच हात निघालेला असतो. पॅडवरून उडालेला बॉल मला तसाच दिसतो.

आज सव्वीस बॉल मारले. त्यातले सतरा आत गेले.

१२ जानेवारी, रविवार.

उधन्याच्या संघाशी सरावाचा सामना झाला. ३–१ ने जिंकलो. दोन गोल माझे, दोन्ही खांबाजवळचे. पहिला पॅडवरून आलेला, नुसता ढकलला. दुसऱ्याला तर स्टिक तिरकी धरून फक्त उभा होतो. बाहेरून आलेला बॉल स्टिकला लागून आत वळला.

पण दादा रागावले. तीनदा शिट्टीनंतरही मी खेळत राहिलो असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, अंपायर फार हळू वाजवतो, वारंही उलटं होतं. त्यावर उधन्याचा एक जण काही बोलला आणि सगळे हसले. काय बोलला ते मला कोणी सांगितलं नाही.

हल्ली संघातली पोरं माझ्या पाठीमागे बोलतात. मी वळलो की गप्प होतात. ट्रायलला माझं नाव गेलं म्हणून असेल. एक हिलालच तेवढा सरळ आहे. बोलायचं असलं की आधी खांद्यावर हात ठेवतो, समोर येऊन उभा राहतो आणि मग बोलतो. तो भाड्याची रिक्षा चालवतो. रोजचं भाडं भरून हातात चाळीस-पन्नास उरतात. नोकरीची गरज त्यालाही माझ्याइतकीच आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

कारखाना बंद. मैदानात पतंगवाले, म्हणून सराव नाही. दुपारभर हिलालच्या चाळीच्या गच्चीवर होतो. मी कठड्याजवळ मांजा सोडत उभा असताना पाठीत काहीतरी लागलं. वळून पाहिलं तर हिलाल बोरं मारत होता. तीन बोरं माझ्या पायाशी आधीच पडलेली होती.

"कितला येळ हाका मारू रे? गाव गोळा झालं, पण तू नही वळना."

मी म्हणालो, चारी बाजूंनी लाउडस्पीकर लागलेत. तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "लूमवर किती वर्षं व्हयनी तुले?"

"सहा."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पगाराचा हिशेब करत असावा. मग त्याच्या आईने, पुष्पाबाईंनी, तिळाच्या चिक्क्या आणल्या. "नोकरी लागनी म्हणजे दोन्ही जोडीनं बसमा बसी जा," त्या म्हणाल्या. हिलालने त्यांच्यापुढे हात जोडले. "आई, आधी त्याले सांग, माले इतले गोल मारू नको."

१८ जानेवारी, शनिवार.

उद्या सकाळी साडेआठला कंपनीच्या मैदानावर जायचं आहे. बूट धुऊन वाळवले. नाड्या नवीन घेतल्या.

पाळी सुटली तरी डोक्यात लूम चालूच राहतात. घरी आल्यावरही सीं असा बारीक सूर असतो. काल किसनला विचारलं, तो माझ्या शेजारच्या आठ लूमवर आहे. त्याने हाताने खूण केली, की त्यालाही आहे आणि त्याच्या बापालाही होता. कारखान्यात आम्ही ओठ आणि हात यांवरच बोलतो. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. अंगठा तोंडाला लावला की चहा. सहा वर्षांत किसनचा आवाज मी क्वचितच ऐकला असेन.

आई म्हणते मी तिला उत्तर देत नाही. आई फार हळू बोलायला लागली आहे. वयाने असेल.

२० जानेवारी, सोमवार.

काल लिहू शकलो नाही. आज नीट, क्रमाने लिहितो.

ट्रायलसाठी मुलांचे दोन संघ पाडले. मी एका बाजूला, हिलाल दुसऱ्या बाजूच्या गोलमध्ये. कंपनीचे स्पोर्ट्स ऑफिसर भूपेंद्रभाई खुर्ची टाकून बसले होते. सुरू होण्याआधी हिलालने खांद्यावर हात ठेवला आणि समोर येऊन म्हणाला, "आज तुले एक बी गोल मिळाव नही, भो."

पूर्वार्धात एक मिळाला. उत्तरार्धात दुसरा. दोन्ही वेळा हिलालने मुठीने जमीन ठोकली, पण हसत होता. त्यानेही चार-पाच असे अडवले की भूपेंद्रभाई उठून उभे राहिले.

संपायला काही मिनिटं होती. डावीकडून बॉल आत आला, हिलालच्या पॅडला लागला आणि पायांच्या गर्दीतून हळूहळू घरंगळत माझ्यापुढे आला. मी खांबापासून चार पावलांवर होतो. माझ्यावरचा बॅक थांबला. मला वाटलं दमला. मी पॅडकडे पाहिलं. डावा पॅड मागे गेला, उजव्याचा गुडघा वाकला. म्हणजे तो डावीकडे झोपणार. उजवीकडे वर जागा होईल. मी मनगटाने बॉल उचलला, होता नव्हता तेवढा जोर लावून.

हिलाल झोपत नव्हता. पॅडचा पट्टा सुटला होता, तो बांधायला वाकला होता. तोंडावरचा मास्क त्याने काढून खाली ठेवला होता.

बॉल जबड्यावर बसला. हिलाल वाकल्या जागीच कलंडला. रक्त आलं, आणि त्या रक्तात एक दात होता.

सगळे माझ्याकडे धावत आले. हिलालकडे नव्हे, आधी माझ्याकडे. कोणीतरी कॉलर धरली. काशिनाथदादांचे ओठ हलत होते. "शिट्टी झाली होती. शिट्टी झाली होती." शिट्टी आधीच झाली होती, कोणाचा तरी पाय बॉलला लागला म्हणून. मैदानावरचे सगळे थांबले होते.

शिट्टी झाली नव्हती. मी शपथेवर लिहितो. झाली असती तर मी थांबलो असतो.

२३ जानेवारी, गुरुवार.

हिलालचा जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधले आहेत. सहा आठवडे नळीने दूध आणि डाळीचं पाणी. ट्रायलचा निकाल लागला. गोलकीपर म्हणून भरूचचा एक मुलगा घेतला. फॉरवर्डचं नाव चौकशीपर्यंत थांबवलं आहे.

मी संत्र्यांचा रस घेऊन दवाखान्यात गेलो. खाटेभोवती पुष्पाबाई, काशिनाथदादा आणि संघातले दोघे होते. हिलाल माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

आधी मला वाटलं, तार बांधल्यामुळे त्याला बोलताच येत नसेल. पण तो बोलत होता. ओठ बंद, चेहरा सुजलेला, काही हलत नव्हतं, तरी पुष्पाबाई त्याला उत्तरं देत होत्या. "नही रे बेटा, असं कसं म्हनस?" असं त्या म्हणाल्या. दादांनीही मान हलवली. मग हिलालने हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो पुन्हा बराच वेळ बोलला असावा, कारण ते सगळे एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. पुष्पाबाई मोठमोठ्याने नाही नाही म्हणत होत्या.

माझ्यासाठी त्याने एक शब्दही काढला नाही. फक्त माझ्याबद्दल बोलला. मी रसाची बाटली खिडकीत ठेवून निघून आलो. काय सांगत होता ते मला कळतं. लहानपणापासूनचा मित्र असं बोट दाखवतो, ते फार लागलं.

२७ जानेवारी, सोमवार.

अर्ध्या दिवसाची रजा काढून भूपेंद्रभाईंना भेटलो. ते गुजराती मिसळून मोडकं मराठी बोलतात, पण माणूस वाईट नाही. चहा पाजला.

"जो भाई, बघ, शिट्टी पूर्ण मैदानाने ऐकली. मी दोनशे फुटांवर खुर्चीत होतो, मी पण ऐकली. तू बोलतो, ऐकली नाही."

मी म्हणालो, खरंच ऐकली नाही.

त्यांनी दार लोटून घेतलं. "असं लिहून देशील तर मी फाइल बंद करणार. आपला गॅसचा प्लांट आहे. सायरन वाजला की पळायचं. बहिरा माणूस डॉक्टर घेणारच नाही. तू काय बहिरा आहेस?"

"नाही."

"तर मग लिही, शिट्टी ऐकली, पण हात थांबला नाही, माफी मागतो. खेळात असं होतं. मेडिकलला डोळे, छाती, वजन. कान कोण बघतो? तुझ्यासारखा गोलजवळचा माणूस दहा वर्षांत पाहिला नाही."

शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा आहे.

२८ जानेवारी, मंगळवार.

"बहिरा" हा शब्द डोक्यातून जात नव्हता. म्हणून आज मोजून पाहिलं.

घरातलं गजराचं घड्याळ घेतलं. किल्ली पूर्ण भरली. आईला हातात घड्याळ देऊन गल्लीच्या टोकाला उभं केलं, आणि मी डोळे मिटून भिंतीकडे तोंड केलं. तिला सांगितलं, गजर वाजवत ये आणि माझ्या पाठीला हात लाव. आईचा हात पाठीला लागला तेव्हा मी म्हणालो, "वाजव ना." ती म्हणाली, ती टोकापासून वाजवतच आली होती.

घड्याळ माझ्या उजव्या कानापासून एक वीत अंतरावर होतं, तेव्हा कळलं की ते वाजतं आहे. डावीकडे कानाला टेकवलं तेव्हा. टोकापासून आमच्या दारापर्यंत त्रेचाळीस पावलं आहेत. शेजारच्या शोभाबाई बाहेर येऊन म्हणाल्या म्हणे, कोणाचा गजर आहे हा, बंद करा.

आईने घड्याळ पदरात गुंडाळलं. काही बोलली नाही. किंवा बोलली असेल. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

म्हणजे शिट्टी झाली होती.

३० जानेवारी, गुरुवार.

अर्ज तीन वेळा लिहिला. पहिल्यात खरं लिहिलं, की मला ऐकू येत नाही, हे मला माहीत नव्हतं, हिलाल माझा मित्र आहे. वाचून पाहिला. मग आठ लूम आठवले. तिथेच राहिलो तर उजव्या कानाची ती वीतही जाईल. नोकरी लागली तर निदान त्या आवाजातून सुटेन, आणि हिलालच्या दवाखान्याचे पैसेही देता येतील. दुसरा अर्ज अर्धाच सोडला.

तिसरा दिला: "मी अंपायरची शिट्टी ऐकली होती. परंतु खेळाच्या भरात मला हात आवरता आला नाही. झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे." एकही खाडाखोड नाही. खाली सही.

भूपेंद्रभाईंनी वाचून माझ्या पाठीवर थाप मारली.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

कामावर रुजू झालो. पहाटे पावणेसहाला बस. डोक्यावर पिवळं हेल्मेट, बिल्ल्यावर फोटो. इतकी शांतता मी सहा वर्षांत अनुभवली नव्हती. मग वाटलं, खरोखर शांत आहे की नाही, ते मला कसं कळणार?

आई देवापुढे पेढे ठेवून आली. पुष्पाबाईंकडे पेढे न्यायचं धाडस झालं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

आज सायरनची चाचणी झाली. मी पाइपवर घासकाम करत होतो. समोरचे दोघे एकदम उठले आणि पळाले. मीही पळालो. जमायच्या जागी मी शेवटून दुसरा पोहोचलो. सुपरवायझरने घड्याळ बघून नुसती मान हलवली. आता कामावर कधीही लोकांकडे पाठ करून बसत नाही. त्यामुळे काम कमी होतं आणि मान दुखते.

९ मार्च, रविवार.

हिलालची तार परवा काढली. आज मी हिंमत करून बाराशे रुपये पाकिटात घालून डिंडोलीला हिलालच्या घरी गेलो. काशिनाथदादा तिथेच होते. हिलाल खाटेवर बसून मऊ भात खात होता. फार वाळला आहे. मला पाहून त्याने ताट बाजूला ठेवलं, उठून माझ्यासमोर आला आणि खांद्यावर हात ठेवला. आता त्याचे ओठ मला स्पष्ट दिसत होते.

"भाईदास, एकच इचारतो. खरं सांग. शिट्टी ऐकी होती का तू?"

दादा माझ्याकडे बघत होते. कंपनीच्या संघाला सराव द्यायला आता दादाच जातात, भूपेंद्रभाईंशी त्यांचं रोजचं बोलणं आहे. माझी नोकरी पहिले सहा महिने कच्ची आहे. हे सगळं मी एका क्षणात मोजलं.

"हो," मी म्हणालो. "ऐकली होती."

हिलालचा हात खांद्यावरून खाली आला. तो माझ्याशी नाही, दादांकडे वळून बोलला, पण तोंड अर्धं माझ्याकडे होतं, म्हणून मला वाचता आलं.

"मंग मीच खोटा पडनू, दादा."

पुष्पाबाई पुढे आल्या. त्या मोठ्याने बोलत असाव्यात, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. "दीड महिना! तोंडमा तार, बोलताना रगत येये, तरी सगळासले एकच सांगे, त्यानं मुद्दाम नही मारं, त्याले आयकू येत नही, तो लूमवर बहिरा व्हयना शे. मी म्हने नही, तो म्हने व्हय. दवाखान्यामा तुन्हा समोर सांगी ऱ्हायंता, तुन्हाकडे बोट दाखाडीसन! आनि तू रस ठीसन निंघी गया."

मी पाकीट काढून खाटेवर ठेवलं. दादांनी खाली बघितलं. हिलालने पाकीट उचललं, माझ्या शर्टाच्या खिशात घातलं, खिसा वरून नीट दाबला आणि जाऊन ताट घेऊन बसला. माझ्याकडे पाठ करून.

दारात थोडा वेळ थांबलो. पाठमोरा तो काही बोलला असेल तर मला कळलं नाही.

हिशेब, ९ मार्चअखेर:

दवाखान्याचं एकूण बिल रु. ६,८००. पैकी कंपनीने २,०००, संघाच्या वर्गणीतून १,१५०, पुष्पाबाईंनी मण्यांची पोत मोडून ३,६५०.

माझा खर्च: संत्र्यांचा रस २२, अर्जाचे कागद ३, मेडिकलचे फोटो ३०, पेढे ४०, डिंडोलीला जाऊन येऊन रिक्षा १४. एकूण १०९.

देणे: जुन्या शेठची उचल ८००, पुढच्या पगारात फिटेल.

हिलाल यांस देणे: ३,६५०. आज दिले १,२००, ते परत आले. बाकी ३,६५०.